अमेरिकेचा १९१७ चा हलका रणगाडा : मूळ व नक्कल

पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणारांस हा अनुभव नित्याचा आहे कीं, नक्कल करणारा मूळाशीं कितीहि एकनिष्ठ असला तरी त्याच्या हातून पाठभेद शिरतात, आणि त्यांवरूनच नक्कल ओळखतां येते. यंत्रांच्या इतिहासासहि हाच न्याय लागू पडतो, हें एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली तेव्हां तिजपाशीं युद्धोपयोगी रणगाडा नव्हता. म्हणून फ्रान्समधील रेनो कारखान्याचा दोन माणसांचा हलका रणगाडा पुढें ठेवून त्याची नक्कल स्वदेशीं करण्याचें ठरलें. परंतु फ्रेंच आराखडे मीटरच्या मापाचे, आणि अमेरिकन कारखाने इंचाचे. सर्व मापें नव्यानें बसवावीं लागलीं. त्यांत सरकारी खात्यांचा परस्परांशीं मेळ नव्हता. सुमारें ४,४०० गाड्यांची मागणी असतां ९५० च तयार झाल्या : ३७४ तोफेच्या, ५२६ मशीनगनच्या व ५० संदेशवहनाच्या. युद्धतहकुबी ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं झाली. पहिल्या दोन गाड्या फ्रान्सांत पोंचल्या २० नोव्हेंबरास.

यावरून एका गैरसमजाचें निरसन होतें. १२ सप्टेंबर १९१८ रोजीं सां मियेल येथें जॉर्ज पॅटन यांच्या हाताखालीं जे रणगाडे लढले, त्यांतील शिपाई अमेरिकन असले तरी गाड्या फ्रेंचांकडून घेतलेल्या होत्या. छायाचित्रांतील शिपायांचा पोषाख पाहून गाडीहि अमेरिकन ठरविणें म्हणजे मालकाच्या नांवावरून पोथीचा लेखक ठरविण्यासारखें आहे.

आतां पाठभेद पाहूं. फ्रेंच गाडीचें पुढील मोठें चाक लोखंडी धांवेचें लांकडी असे. अमेरिकन गाडीचें पोलादी आहे. धूर सोडणारी नळी उजवीकडून डावीकडे आली. रेनोच्या जागीं ब्युडा कंपनीचें इंजिन बसलें, आणि इंजिन व माणसें यांमध्यें आडभिंत घातली गेली.

अमेरिकन सैन्यांत या गाडीनें एकहि लढाई पाहिली नाहीं. १९२७ मध्यें कांहीं गाड्या नाविक पलटणींबरोबर चीनमध्यें तिएन्त्सिन येथें पहाऱ्यावर होत्या. २८ जुलै १९३२ रोजीं त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर आणल्या गेल्या, त्या महायुद्धांतील आपल्याच निवृत्त शिपायांवर. हे लोक कबूल केलेली रक्कम मागण्यास जमले होते. त्यांना हांकलणाऱ्या घोडदळांत पॅटन होते, आणि १९१८ च्या सप्टेंबरांत जखमी पॅटन यांचे प्राण वांचविणारा ज्यो अँजेलो हा मागणी करणारांत होता. पुढें १९४० मध्यें कॅनडानें २३६ गाड्या मोडीच्या भावानें विकत घेऊन शिक्षणास लावल्या.

महायुद्धाचीं जुनीं छायाचित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं खालील मथळ्यावर विसंबूं नये. आधीं चाक व धुराची नळी पाहून मग नोंद करावी, इतकीच आमची विनंति आहे.