मसल कारचा पाचवा गिअर

अमेरिकन मसल कार म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हॉलिवूडचा पाठलाग, टायरचा धूर आणि हीरोचा गिअरवरचा हात. पण ती गाडी रोज चालवायची कशी, हे सिनेमात कुणी दाखवत नाही. गाडी घेतल्यावर (म्हणजे दुसऱ्या कुणी घेतल्यावर हो, आपला ईएमआय फ्लॅटचा आहे!) आधी आपण तिला सरावायचं आणि मग तिला आपल्या काळात आणायचं, अशी दोन कामं असतात. हे दुसरं काम ज्या पार्ट्समुळे जमतं, त्यांचा इतिहास मोठा मजेशीर आहे. या वीकेंडला तोच.

सुरुवात १९६३ पासून करू. त्या वर्षी जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या डिव्हिजन्सना शर्यतींमधून बाहेर पडायला सांगितलं. पाँटिअ‍ॅकची तर अख्खी इमेज शर्यतींवर उभी होती. तेव्हा तिथला चीफ इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी एक साधी आयडिया काढली. मधल्या आकाराच्या टेंपेस्ट गाडीत मोठ्या पाँटिअ‍ॅकचं ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन टाकायचं! अडचण एकच. या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असा कंपनीचा नियम होता. यांनी मग नवीन मॉडेल काढलंच नाही, 'ऑप्शन पॅकेज' म्हणून सुमारे २९६ डॉलर जादा घेऊन विकलं. नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. स्पेसिफिकेशनमधली अशी पळवाट सापडल्यावर होणारा आनंद आपल्या लाइनमधल्या लोकांना वेगळा सांगायला नको :)

हीच ती १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ. पहिल्या वर्षी ५,००० गाड्या बनवायचं ठरलं होतं, खपल्या ३२,४५०. मसल कारचं युग सुरू झालं ते इथून, असं बहुतेक जण मानतात.

आता गिअरबॉक्स. या गाडीत ऑटोमॅटिक मिळत होता, पण त्याला पुढे जायचे गिअर फक्त दोन. त्यामुळे ज्याला खरी मजा हवी तो मॅन्युअलच घ्यायचा. स्टँडर्ड म्हणून तीन गिअर आणि जमिनीवर हर्स्टचा शिफ्टर, जादा पैसे मोजले तर मन्सीचा चार गिअरचा बॉक्स. म्हणजे तेव्हा मॅन्युअल ही हौस नव्हती, साधा हिशेब होता. हौस ती नंतर झाली.

आपण मॅन्युअलवरच शिकलेली माणसं, आपल्याला काय अवघड, असं वाटेल. जरा थांबा. मारुती ८०० चा टॉर्क साधारण ६० न्यूटन मीटर होता. जीटीओचा कंपनीने सांगितलेला आकडा सुमारे ५८०! म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी शिकवलेलं 'थोडा रेस दे, हाफ क्लचवर घे' इथे उलटं पडतं. नुसता क्लच हळू सोडला तरी गाडी निघते. वरून रेस दिला की मागची चाकं जागेवर फिरतात. क्लच चांगलाच जड, कारण एवढा टॉर्क घसरू न देता धरून ठेवायला स्प्रिंग तशीच तगडी लागते, आणि पेडलपासून क्लचपर्यंत मधे नुसत्या लोखंडी दांड्या. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर दोन दिवसांत डावा पाय बोलायला लागतो. न्यूट्रल करा आणि पाय काढा, हाच उपाय.

त्यात लिव्हर उजव्या हाताला. एच पॅटर्न तोच, पहिला गिअर डावीकडे वर. पण आपल्याकडे तो ड्रायव्हरपासून लांब असतो, तिकडे जवळ. डोक्याला कळतं, हाताला कळायला वेळ लागतो. एक मात्र आहे, टॉर्क भरपूर असल्याने गिअर चुकला तरी गाडी सांभाळून घेते.

सांभाळून घेत नाहीत ते ब्रेक! इंजिन बदललं, पण चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेकच राहिले. दोन-तीनदा वेगातून जोरात ब्रेक मारला की ड्रम तापून पकड कमी होते. ब्रेकचं हायड्रॉलिक सर्किटही एकच. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. गाडी पळवायची सोय अशी की मोठमोठे लाजतील, आणि थांबवायची सोय एका पाइपच्या भरवशावर.

दुसरा त्रास हायवेवर. मन्सीचा चौथा गिअर म्हणजे सरळ १:१, जितकं इंजिन फिरेल तितकाच प्रॉपेलर शाफ्ट. मागच्या अ‍ॅक्सलला ३.९० रेशो घेतला (पिकअपसाठी हौशी लोक तो घेत) आणि टायरचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी ६० मैलांना, म्हणजे ९६ किलोमीटरला, इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे मारतं. एवढं मोठं इंजिन तासन् तास ३,००० वर! आवाज, उष्णता आणि पेट्रोल, तिन्हीचा हिशेब तुम्हीच करा.

मग मसल कारचे वाईट दिवस आले. १९६५ मध्ये राल्फ नेडरचं गाड्यांच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक गाजलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. १९७० मध्ये धुराचा कायदा आला. इन्शुरन्सचे हप्ते वाढले. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि १९७५ मध्ये मायलेजचं बंधन घालणारा कायदा झाला. त्याच्या आधीच, १९७४ मध्ये, शेवटची जीटीओ निघाली. एका छोट्या गाडीवर बांधलेली, २०० हॉर्सपॉवरची. २००४ ते २००६ मध्ये ते नाव पुन्हा वापरलं गेलं, पण ती गाडी मुळात ऑस्ट्रेलियन होती. पाँटिअ‍ॅक हा ब्रँडसुद्धा २०१० मध्ये बंद झाला.

सरकारी नियमांनी मसल कार मारली, असं तिचे चाहते अजूनही हळहळत सांगतात. पण आज जुनी जीटीओ चालवणेबल करायला हे लोक काय काय बसवतात ते बघा.

पहिलं, दोन सर्किटचं मास्टर सिलिंडर. एक सर्किट गेलं तरी दोन चाकं थांबतात. अमेरिकन गाड्यांत हे १९६७ च्या मॉडेलपासून सरसकट आलं, ते सुरक्षेच्या नव्या नियमांच्या धाकाने. सोबत पुढे डिस्क ब्रेक आणि खांद्यावरून येणारा सीटबेल्ट.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट्स घासायची आणि गॅप सेट करायची कटकट संपली. जनरल मोटर्सने हे सत्तरच्या दशकाच्या मध्यात सगळीकडे आणलं, कारण धुराच्या नियमांना स्पार्क कायम नेमका लागत होता.

तिसरा, आपला पाचवा गिअर! मायलेजच्या कायद्यामुळे कंपन्यांना ओव्हरड्राइव्ह हवा झाला आणि १९८३ मध्ये बोर्ग-वॉर्नरचा टी-५ मस्टँगमध्ये आला. जीटीओच्या टॉर्कसाठी तो बनलेला नव्हता. ते काम पुढे ट्रेमेकच्या टीकेओ आणि टीकेएक्स या बॉक्सनी केलं. (ट्रेमेक ही मूळची मेक्सिकोतल्या केरेतारोची कंपनी, स्थापना १९६४. जीटीओचंच वर्ष!) पाचवा ०.६८ चा घेतला की ताशी ६० मैलांना ३,००० फेऱ्यांचे सुमारे २,०५० होतात. आणि सुरुवातीच्या पिकअपला धक्का नाही, कारण अ‍ॅक्सल तोच ३.९० चा.

थोडक्यात, ज्या कायद्यांनी ही गाडी बंद पडली असं म्हणतात, त्याच कायद्यांमुळे जन्मलेल्या पार्ट्सवर ती आज जिवंत आहे. ज्याला शत्रू समजत होतो तोच राहिलेले बग फिक्स करून गेला!

यावर जुन्या वळणाचे लोक म्हणतात की गिअरबॉक्स बदलला तर गाडी 'ओरिजिनल' राहिली कुठे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर कारखान्यातल्या नोंदीशी जुळणारी गाडी जास्त किमतीला जाते, आणि ती इतिहासाचा पुरावाही असते. म्हणून शहाणे लोक मन्सी विकत नाहीत. तेल लावून, गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात. नवा बॉक्स निवडताना फ्लोअर कापावा लागणार नाही असा बघतात. आवश्यक तर प्रॉपेलर शाफ्ट वेगळा बनवून घेतात आणि जुनाही जपून ठेवतात. आपल्या भाषेत, रोलबॅकची सोय ठेवून अपग्रेड.

क्रम मात्र पाळावा. आधी ब्रेक, मग टायर, मग क्लच आणि गिअरबॉक्स, आणि इंजिनची ताकद वाढवायचं सगळ्यात शेवटी. बहुतेकांना उलट्या क्रमाने जायचा मोह होतो. डिलोरिअनच्या टीमनेही १९६३ मध्ये तेच केलं होतं, आधी इंजिन आणि बाकीचं नंतर बघू. ते 'नंतर' यायला काही दशकं लागली.

असो. पुढच्या वेळी सिनेमात मसल कार धूर काढत निघाली, की गिअरवरच्या हाताबरोबर हीरोचा उजवा पाय कुठे आहे तेही बघा. ती गाडी १९६७ च्या मॉडेलच्या आधीची असेल तर त्याची खरी परीक्षा तिथे आहे.