तालुक्याचा बातमीदार

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो नावांचा आणि सनावळीचा. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, १८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ निघाला. रिकाम्या जागा भरण्यापुरते ते पाठ होते. या इतिहासात मार्गासनीसारख्या गावांचा भाग कुठे येतो, हे तेव्हा विचारायचे सुचले नाही. आता सुचते आहे, कारण तो भाग संपत चालला आहे.

सुरुवातीची बहुतेक पत्रे शहरातली आणि शहरी वाचकांसाठी होती. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला आणि शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचे गाऱ्हाणे छापले जाऊ लागले. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून तो अनेक वर्षे चालवला. पत्र खेड्यातूनही चालू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकरांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला. मतांच्या लांबलचक लेखांपेक्षा बातमीला त्यांनी मान दिला आणि गावोगावी बातमीदार नेमले. ‘आमचा वार्ताहर’ हा माणूस तालुक्याच्या गावी दिसू लागला तो अशा प्रयत्नांतून.

हा माणूस बहुधा पूर्णवेळ पत्रकार नसे. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी वकील. मानधन नावापुरते. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि टपालाने किंवा एसटीने पुण्याला धाडायची. पण दहा-वीस वर्षे तहसील कचेरीत, बाजारात, ग्रामसभेत बसून त्याच्या डोक्यात तालुक्याची एक वहीच तयार झालेली असे. या रस्त्याचे भूमिपूजन आधीही झाले होते, ही पाणीयोजना मागच्या निवडणुकीतही जाहीर झाली होती, हे त्याला कागद न बघता आठवे. त्याच्यासमोर खोटे आश्वासन देताना पुढाऱ्याला जरा विचार करावा लागे.

आपल्या परिपाठात बातम्या वाचल्या जायच्या ते आठवत असेल. आधी देशाच्या, मग राज्याच्या आणि शेवटी एखादी ‘वेल्हे, ता. अमुक’ अशी सुरू होणारी चार ओळींची. भातलावणी रखडली, पूल पाण्याखाली गेला, एसटी बंद पडली. त्या चार ओळी आल्या की सगळा वर्ग कान टवकारायचा, कारण त्या आपल्या होत्या.

अशा चार ओळींची किंमत पानशेतच्या उदाहरणावरून कळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. धरण आपल्या तालुक्यात आणि पूर पुण्यात. पुण्याच्या पुराबद्दल पुस्तके निघाली, दर जुलैला आठवणी छापून येतात. पण त्या धरणासाठी ज्यांची गावे उठली, ज्यातले काहीजण दौंडकडे जाऊन राहिले, त्यांच्या जमिनीचा आणि सातबाऱ्याचा इतिहास शोधायचा तर जिल्हा पानांवरच्या बारीक बातम्याच चाळाव्या लागतात. पूर ही एका दिवसाची बातमी. पुनर्वसन ही चाळीस वर्षांची बातमी असते आणि ती लिहायला तिथेच राहणारा माणूस लागतो.

तो माणूस आता का उरत नाही? जाहिराती फोनवर गेल्या, कागद महागला. २०२० च्या टाळेबंदीत काही काळ घरोघर अंक टाकणेच बंद होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘पुणे मिरर’ बंद करण्यात आला. अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद झाली आहेत. आपल्याकडे अनेकदा पत्राचे नाव राहते, पण आतला अनुभवी माणूस जातो, कारण काटकसरीत जास्त पगाराचाच माणूस आधी नजरेत येतो. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीपेक्षा वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणण्याचे काम मोठे होऊन बसते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुना माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या डोक्यातले सगळे लिहून घेतल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. तालुक्याच्या बातमीदाराकडून असे कुणीच काही लिहून घेतले नाही. ‘फोनवर सगळे मिळते’ असे मीही रोज ऐकते. पण कुणीतरी आधी लिहिलेलेच फोन शोधून देतो. ग्रुपवर फिरणाऱ्या ‘रस्ता बंद’च्या फोटोला तारीख नसते आणि चुकले तर जबाबदार धरायला संपादक नसतो.

यात प्रत्यक्ष नुकसान कुणाचे, तेही पाहू. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. हरकत घ्यायला मुदत ६० दिवसांची. म्हणजे गावात पेपर वाचला जातो, हे कायद्याने गृहीतच धरले आहे. नोटीस आजही छापली जाते, पण बारीक अक्षरांत, गट नंबरांच्या रांगेत. ती वाचून ‘हे तर आपल्याच शिवारातले गट’ म्हणून गावात येणारा आणि दुसऱ्या दिवशी साध्या मराठीत बातमी देणारा माणूस नसेल, तर ६० दिवस केव्हाच निघून जातात. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या जमिनींना भाव आलेल्या आपल्या पट्ट्यात हे फार जपायला हवे.

२०२४ मध्ये आपल्या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. पुढची मुले ‘राजगड तालुका’ म्हणून शोधतील, तेव्हा ‘वेल्हे, ता.’ने सुरू होणारी जुनी कात्रणे त्यांना सापडायला हवीत.

म्हणून एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत निकालाची, स्नेहसंमेलनाची, पुराची, जत्रेची कात्रणे असतील. ती फेकू नका. प्रत्येकावर पत्राचे नाव आणि तारीख लिहून मेळाव्याला घेऊन या. स्कॅन करून, गावानुसार लावून ठेवण्याचे काम मी करते. ज्या गुरुजनांनी किंवा पालकांनी कधी वार्ताहर म्हणून काम केले असेल, त्यांच्याजवळ बसून जे आठवते ते लिहून घेऊ या. आणि आपल्या भागाची बातमी नेमाने देणारे एक तरी पत्र पैसे मोजून घरी लावू या. चहा-बिस्किटाहून ते महाग नाही.