पर्सी ज्यूलियन
पर्सी लॅव्हॉन ज्यूलियन (११ एप्रिल १८९९ – १९ एप्रिल १९७५) हे अमेरिकन सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. वनस्पतिजन्य द्रव्यांपासून संप्रेरके तयार करण्याच्या त्यांच्या कार्यामुळे अनेक महागडी औषधे स्वस्त झाली.

पूर्वायुष्य
त्यांचा जन्म अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे झाला. आजी-आजोबा गुलामगिरीत वाढलेले होते. कृष्णवर्णीयांसाठी गावात आठवीपुढे सरकारी शाळा नव्हती. त्यामुळे इंडियानातील डीपॉ विद्यापीठात पदवीच्या अभ्यासाबरोबरच शालेय अभ्यासही त्यांना पुरा करावा लागला. तरीही १९२० मध्ये ते वर्गात पहिले आले. हार्वर्डमध्ये एम.ए. झाल्यावर १९३१ साली त्यांनी व्हिएन्ना येथे अर्न्स्ट श्पेट यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली.

फायसोस्टिग्मिनचे संश्लेषण
काचबिंदूवर उपयुक्त असलेले हे द्रव्य आफ्रिकेतील कॅलबार वेलीच्या बियांत आढळते. त्याच्या संश्लेषणावर ऑक्सफर्डचे विख्यात रॉबर्ट रॉबिन्सन हेही काम करीत होते. डीपॉमध्ये परतलेल्या ज्यूलियन यांनी योझेफ पिकल यांच्यासह तयार केलेल्या एका मध्यवर्ती संयुगाचे गुणधर्म रॉबिन्सन यांच्या संयुगाशी जुळेनात. त्या काळी रॉबिन्सन यांना चूक म्हणणे हे मोठेच धाडस होते. परंतु ज्यूलियन यांनी तसे छापले आणि द्रवणांकाच्या कसोटीवर तेच बरोबर ठरले. १९३५ मध्ये संपूर्ण संश्लेषण सिद्ध झाले. एवढे होऊनही विद्यापीठाने वर्णामुळे त्यांना कायम प्राध्यापकपद दिले नाही.

सोयाबीन आणि स्टेरॉइडे
१९३६ मध्ये ते शिकागोच्या ग्लिडन कंपनीत गेले. त्यांनी तयार केलेल्या सोयाबीनच्या प्रथिनापासून बनलेला आग विझवणारा फेस दुसऱ्या महायुद्धात नौदलाने वापरला. एकदा तेलाच्या टाकीत पाणी शिरून पांढरा गाळ साचला. नासलेला म्हणून तो टाकून दिला गेला असता. परंतु त्यात स्टिग्मास्टेरॉल असल्याचे ज्यूलियन यांनी ओळखले. त्यापासून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. संधिवातावरील कॉर्टिसोन तेव्हा गुरांच्या पित्तापासून लांबलचक प्रक्रियेने बनत असे व अतिशय महाग होते. १९४९ मध्ये ज्यूलियन यांनी 'संयुग एस' सोयाबीनपासून मिळवले. कॉर्टिसोनच्या तुलनेत त्यात ऑक्सिजनचा एक मोक्याचा अणू उणा होता. पुढे सूक्ष्मजीवांकरवी असा अणू जोडण्याची पद्धत सापडली.

उत्तरायुष्य
१९५० मध्ये ओक पार्क या उपनगरात घेतलेल्या त्यांच्या घराला, कुटुंब राहायला जाण्यापूर्वीच, आग लावण्याचा प्रयत्न झाला. पुढील वर्षी डायनामाइट फेकण्यात आले. त्यांनी घर सोडले नाही. ग्लिडन सोडल्यावर त्यांनी ज्यूलियन लॅबोरेटरीज ही कंपनी काढली व १९६१ मध्ये ती सुमारे २३ लाख डॉलरला विकली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मात्र त्यांना १९७३ मध्ये, मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, लाभले.