क्राफ्ट बिअर : व्यवसाय व किंमत
लहान, स्वतंत्र निर्माणीत अल्प प्रमाणावर तयार होणारी बिअर. अमेरिकेत फ्रिट्‌झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोची डबघाईस आलेली अँकर निर्माणी ताब्यात घेतली. तेथून या व्यवसायाचा आरंभ मानतात. माल्ट व हॉप यांचा सढळ वापर आणि थोड्या उत्पादनावर पडणारा स्थिर खर्च, यांमुळे तिची किंमत मोठ्या कारखान्यांच्या बिअरपेक्षा जास्त असते. १९७६ च्या कायद्याने लहान उत्पादकांच्या पहिल्या ६०,००० पिंपांवरील उत्पादनशुल्क पिंपामागे ९ डॉलरांवरून ७ डॉलरांवर आले. १९९१ मध्ये सर्वसाधारण दर १८ डॉलर झाला, तरी ही सवलत टिकली. तथापि केवळ करसवलत पुरेशी ठरत नाही. सोनोमा येथील न्यू अल्बियन निर्माणी (स्थापना १९७६) विस्तारासाठी भांडवल न मिळाल्याने १९८२ मध्ये बंद पडली.