कादंबरी हाच प्रबंध

पीएच.डी.चा प्रबंध म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जाडजूड बांधणी, तक्ते, आलेख, तळटीपा आणि शेवटी संदर्भांची लांबलचक यादी. आम्हा विज्ञानवाल्यांना तर याहून वेगळं काही सुचायचंही नाही. पण १९६५ साली अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाने चक्क कादंबरीला पीएच.डी. दिली. कादंबरीच्या अभ्यासाला नव्हे बरं का, विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेल्या कादंबरीला. लेखिका मार्गारेट वॉकर, कादंबरी 'ज्युबिली', विद्यापीठ आयोवाचं.

आयोवा हे नाव मराठी वाचकांनी दिलीप चित्रे यांच्या संदर्भात ऐकलेलं असतं. १९७५ ते १९७७ या काळात ते तिथल्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये होते. हा कार्यक्रम १९६७ मध्ये सुरू झाला आणि जगभरच्या लेखकांना पाहुणे म्हणून बोलावू लागला. आजची गोष्ट मात्र त्याच्या आधीची आहे, आणि ती पाहुण्यांची नाही, तिथे रीतसर शिकलेल्यांची आहे.

तिची सुरुवात एका वैज्ञानिकापासून होते. कार्ल सीशोर हे प्रयोगशाळेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ. सुरांमधला, आवाजाच्या जोरामधला फरक माणसाला किती बारकाईने कळतो, हे मोजणाऱ्या त्यांच्या चाचण्या प्रसिद्ध आहेत. तेच आयोवाच्या पदव्युत्तर विभागाचे डीन होते. १९२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की कविता, कथा, चित्र, संगीतरचना असं सर्जनशील कामसुद्धा उच्च पदवीसाठी प्रबंध म्हणून स्वीकारलं जाईल. त्या काळी साहित्य विभागांत भर असायचा तो भाषेच्या इतिहासावर आणि जुन्या संहितांवर. जिवंत विद्यार्थ्याने नवी कविता लिहावी आणि तिला पदवी मिळावी, ही कल्पनाच नवी होती.

या नियमाच्या आधारावर १९३६ मध्ये आयोवा रायटर्स वर्कशॉप उभं राहिलं. पद्धत अगदी साधी. लिखाणाच्या प्रती वर्गात वाटायच्या, सगळ्यांनी वाचायच्या, मग चर्चा. आमच्या लॅब मीटिंगसारखंच, फक्त आलेखाऐवजी कथा. फ्लॅनरी ओ'कॉनर १९४५ मध्ये पत्रकारिता शिकायला म्हणून आल्या, या वर्गात शिरल्या आणि १९४७ मध्ये कथासंग्रहावर पदवी घेऊन बाहेर पडल्या. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत राबलेले फिलिप लेव्हिन १९५३ मध्ये नावनोंदणी न करताच वर्गात बसू लागले. पुढे १९९५ मध्ये त्यांना कवितेचं पुलित्झर मिळालं.

आता मार्गारेट वॉकर यांच्याकडे वळू. त्या १९१५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामात जन्मल्या. शिकागोमध्ये सरकारी लेखन प्रकल्पावर नोकरी होती, ती १९३९ मध्ये संपली. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. हवं, म्हणून त्या आयोवात आल्या. १९४० मध्ये कवितासंग्रहच प्रबंध म्हणून सादर केला. 'फॉर माय पीपल' या नावाने तो १९४२ मध्ये येल विद्यापीठाच्या नवोदित कवींच्या मालिकेत निवडला गेला आणि छापला गेला.

पण त्यांची कविता स्वीकारणाऱ्या त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय मुलींना जागा नव्हती. ती बंदी १९४६ पर्यंत होती. वॉकर आणि शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट या दोघी बाहेर एकत्र राहत. कॅटलेट यांनाही १९४० मध्येच शिल्पकलेची पदवी मिळाली. म्हणजे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ज्ञानाची व्याख्या रुंद केली होती, पण जनता कोण, याची व्याख्या अजून अरुंदच होती. या वर्कशॉपचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

वॉकर यांच्या आजी त्यांना आपल्या आईच्या, म्हणजे पणजीच्या, गुलामगिरीतल्या आयुष्याच्या गोष्टी सांगत. त्यावर कादंबरी लिहायला त्यांनी विद्यार्थिदशेतच घेतली होती. पण लग्न, चार मुलं, १९४९ पासून मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट कॉलेजात शिकवणं, यांत ती लांबत गेली. जवळजवळ तीस वर्षं! तेवढ्या काळात त्यांनी अभिलेखागारं पालथी घातली, गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मकथनं वाचली, पणजीच्या खुणा शोधत प्रवास केला. त्या काळातलं जेवण, झाडपाल्याची औषधं, युद्धातली वाताहत, सगळं त्या कादंबरीत आलं. हे संशोधन नाही तर काय?

१९२२ च्या नियमाचं मोल मला इथे दिसतं. तो नसता, तर पीएच.डी.साठी त्यांना कादंबरी बाजूला ठेवून दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकावर प्रबंध लिहावा लागला असता. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या बाईला पुन्हा तेवढा सलग वेळ मिळाला असता का, कोण जाणे. विद्यापीठाने त्यांना प्रतिभा दिली नाही, ती त्यांच्याकडे होतीच. पण त्या जे काम करत होत्या, तेच काम विद्यापीठाने मोजलं.

'ज्युबिली' १९६६ मध्ये प्रकाशित झाली. दोनच वर्षांनी वॉकर यांनी जॅक्सन स्टेटमध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास, जीवन आणि संस्कृती यांच्या अभ्यासासाठी एक संस्था सुरू केली. तेही सरकारी कॉलेजच. ती संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि त्यांचे कागद तिथे आहेत. आजीच्या गोष्टींमागचा पुरावा शोधण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, त्यांनी पुढच्या विद्यार्थ्यांसाठी तो जपायची सोय करून ठेवली.