कुलूप शाबूत, ऐवज लंपास
हॉटेलच्या खोलीतील चोरी : घ्यावयाची दक्षता आणि कायद्याचा आधार

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्या, लग्नसराई, तीर्थयात्रा अशा निमित्ताने मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने घराबाहेर पडतात. निघताना दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले जातात, शेजाऱ्यांना लक्ष ठेवण्यास सांगितले जाते. ही दक्षता मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच सैल होते. हॉटेलची खोली म्हणजे आपलेच घर, असे मानून पाकीट, कॅमेरा, अंगावरचे सोने टेबलावर ठेवून मंडळी फिरावयास बाहेर पडतात. वस्तुतः त्या खोलीची किल्ली एकट्या पाहुण्याकडे कधीच नसते. सफाई कर्मचारी, दुरुस्ती विभाग, व्यवस्थापक यांच्याकडे दार उघडण्याचे साधन असतेच. त्यामुळे अशा चोरीत अनेकदा कुलूप तुटलेले नसते, दारावर ओरखडाही नसतो. चोरी झाली हे पटवून देण्याची पहिली अडचण तेथूनच सुरू होते.

कार्डाचे कुलूप किती भक्कम?

किल्लीऐवजी कार्ड आले, म्हणजे सुरक्षा वाढली असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. २००३ मध्ये बर्लिनमधील एका हॉटेलच्या खोलीतून संगणक सुरक्षा क्षेत्रातील एका व्यक्तीचा लॅपटॉप चोरीस गेला. दार फोडल्याची खूण नव्हती आणि कुलपाच्या नोंदीतही परका प्रवेश दिसत नव्हता. त्या घटनेने कुतूहल चाळवलेल्या फिनलंडच्या ‘एफ-सिक्युअर’ कंपनीतील दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की हॉटेलचे कोणतेही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलेही, हाती आले तर एका नामांकित बनावटीच्या कुलपांसाठी सर्व दारे उघडणारे कार्ड तयार करता येते. कुलूप बनविणाऱ्या कंपनीने त्यावर सुधारित सॉफ्टवेअर दिले.

त्याआधी २०१२ मध्ये ‘ओनिटी’ बनावटीच्या कुलपातील दोष उघड झाला होता आणि त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे हॉटेलांत तो वापरून चोऱ्या झाल्याचे समोर आले. मार्च २०२४ मध्ये ‘सॅफलॉक’ या कुलपांतील त्रुटी जाहीर झाली. १३१ देशांतील सुमारे ३० लाख दारांवर ही कुलपे होती. आतील विद्युत-नियंत्रित अडसरही या पद्धतीने सरकविता येत असल्याने संशोधकांनी दाराची साखळी लावण्याचा सल्ला दिला. शतकानुशतकांची साधी साखळी येथे अत्याधुनिक कुलपापेक्षा विश्वासाची ठरली, हे लक्षणीय आहे. मात्र साखळी पाहुणा आत असतानाच उपयोगी पडते. तो बाहेर गेल्यावर खोलीतील ऐवजाला तिचे संरक्षण नसते.

खोली ताब्यात घेताना

सामान उतरविण्यापूर्वी पाच मिनिटे तपासणीसाठी द्यावीत. दार ओढून घेतल्यावर नीट लागते का, आतील कडी आणि साखळी घट्ट बसते का, गॅलरीचे दार व खिडक्यांचे बोल्ट चालतात का, शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार बंद आहे का, हे पाहावे. दोष आढळल्यास खोली बदलून मागावी. तळमजल्यावरील, विशेषतः समुद्रकिनारी किंवा बागेकडे उघडणाऱ्या खोल्यांत खिडकीची जाळी हाच चोराचा मार्ग असू शकतो. खिडकीलगत मोबाइल, पाकीट किंवा पॅन्ट टांगून झोपू नये.

लॉज, धर्मशाळा आणि भक्तनिवासांत दाराला कडी-कोयंडा असेल, तर स्वतःचे मजबूत कुलूप सोबत न्यावे. व्यवस्थापनाने दिलेल्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे सांगता येत नाही.

स्वागतकक्षात खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे. कार्ड आणि ज्या पाकिटावर क्रमांक लिहिलेला असतो ते पाकीट एकत्र बाळगू नये. ‘रूम सर्व्हिस’ म्हणून दार ठोठावले गेले आणि काही मागविलेले नसेल, तर दार न उघडता प्रथम स्वागतकक्षाकडे चौकशी करावी. रात्री दूरध्वनीवरून ‘कार्डाचा तपशील पुन्हा हवा आहे’ असे सांगितल्यास तो देऊ नये. स्वतः खाली जाऊन विचारावे.

खोलीतील तिजोरी

कपाटातील इलेक्ट्रॉनिक तिजोरी सामान्य हातचलाखीपासून संरक्षण देते, त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये. पाहुणा सांकेतिक क्रमांक विसरला तर व्यवस्थापनाला ती उघडता येते. काही ठिकाणी कारखान्यातून आलेला सर्व शून्यांसारखा मूळ क्रमांक बदललेलाही नसतो. तिजोरी भिंतीला किंवा कपाटाला पक्की बसविलेली आहे का, हे हाताने हलवून पाहावे. सुटी तिजोरी म्हणजे चोरासाठी बांधून ठेवलेले गाठोडेच. जन्मतारीख किंवा खोलीचा क्रमांक संकेत म्हणून वापरू नये.

कायदा काय सांगतो?

‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर राहणार नाही’ ही पाटी बहुतेक हॉटेलांत दिसते. तिचे कायदेशीर वजन किती, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या १४ नोव्हेंबर २०१९ च्या निकालाने प्रकाश पडतो. १९९८ मध्ये दिल्लीतील ताजमहाल हॉटेलमध्ये एका पाहुण्याने मोटार लावण्यासाठी किल्ली कर्मचाऱ्याच्या हाती दिली. मोटार चोरीस गेली. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा मजकूर पावतीवर होता. वस्तू एकदा हॉटेलच्या ताब्यात दिली की ती सांभाळण्याचे कर्तव्य हॉटेलवर येते, निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलनेच दाखवून द्यावे लागते आणि छापील मजकुराच्या आधारे निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हा निकाल वाहनापुरता होता. तथापि, त्यामागील भारतीय करार कायदा, १८७२ मधील ठेवीचे तत्त्व कोणत्याही वस्तूस लागू होते. पर्यटकांसाठी त्याचा अर्थ सरळ आहे. दागिने वा रोकड स्वागतकक्षाकडे तपशीलवार पावती घेऊन ठेवली, तर जबाबदारी कोणाची याचा पुरावा हाती राहतो. तोच ऐवज खोलीत ठेवला, तर तो तेथे होता येथपासून वाद सुरू होतो आणि व्यवस्थापनाची कसूर दाखविण्याचा भार पाहुण्यावर येऊ शकतो. नादुरुस्त कुलूप, अनोळखी व्यक्तीस दिलेली किल्ली, बंद पडलेले सीसीटीव्ही कॅमेरे अशा बाबी तेथे महत्त्वाच्या ठरतात.

लग्नसराईत हा मुद्दा अधिक गंभीर होतो. वधूपक्षाच्या खोलीत दिवसभर नातलगांची आणि कामगारांची ये-जा असते, किल्ली दहा हातांतून फिरते आणि आयुष्यभराची कमाई एका पर्समध्ये असते. अशा वेळी दागिन्यांची यादी करून ते एकाच जबाबदार व्यक्तीकडे सोपवावेत. त्या व्यक्तीला फोटो काढण्याच्या किंवा वाढपाच्या कामात गुंतवू नये.

चोरी झाल्यास

खोलीतील वस्तूंना हात न लावता छायाचित्रे घ्यावीत आणि व्यवस्थापनाला लेखी कळवावे. सीसीटीव्ही चित्रण व कुलपाच्या नोंदी जपून ठेवण्याची मागणी त्याच पत्रात करावी. काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते. पोलिसांची मदत ११२ क्रमांकावर मिळते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार माणसांच्या निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तक्रार ‘गहाळ’ म्हणून न नोंदविता चोरीचा गुन्हा म्हणूनच नोंदविण्याचा आग्रह धरावा, कारण विम्याच्या दाव्यासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचे कारण न देता माहिती नोंदवून घेणे पोलिसांना बंधनकारक आहे आणि फिर्यादीस तिची प्रत विनामूल्य मिळते. परतीची गाडी चुकेल म्हणून तक्रार टाळण्याचे कारण उरलेले नाही.

बँकेची कार्डे तत्काळ बंद करावीत. मोबाइल केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सुविधेद्वारे निकामी करता येतो; त्यासाठी त्याचा आयएमईआय क्रमांक घरी लिहून ठेवलेला असावा. परदेशात पारपत्र चोरीस गेल्यास स्थानिक पोलिसांकडील नोंद घेऊन भारतीय दूतावास वा वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा.

हॉटेलच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही जाता येते. जयपूरच्या हॉटेलमध्ये ऐवज गमावलेल्या पुणेकराला त्यासाठी जयपूरला खेटे घालावे लागत नाहीत. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

निघण्यापूर्वी एवढे करा

* अनावश्यक दागिने घरच्या वा बँकेच्या लॉकरमध्येच ठेवा.
* सोबत नेणाऱ्या दागिन्यांची छायाचित्रे व बिलांच्या प्रती काढून ठेवा.
* रोकड आणि कार्डे कुटुंबातील दोघांकडे विभागून द्या.
* ओळखपत्रे व पारपत्राच्या प्रती मूळ कागदपत्रांपासून वेगळ्या बाळगा.
* हॉटेल सोडल्यावर सामान स्वागतकक्षात ठेवावयाचे असल्यास नगांची संख्या लिहिलेली पावती घ्या.