आवाजाचा ताळा

फोनवर नाव सांगताना आपण ‘पोटफोड्या ष’ म्हणतो, ‘बाळातला ळ’ म्हणतो. चेकवर आकड्यात रक्कम लिहून झाली तरी खाली ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ लिहितोच. एकच गोष्ट दोनदा सांगितली की एकीकडची खोट दुसरीकडून भरून निघते. परवाना काढून हौसेखातर बिनतारी संच चालवणारी हॅम मंडळी यात मुरलेली. ‘व्हीयू-टू’ने सुरू होणारं भारतीय कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखनाव, ते ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ असं उच्चारतात. खरखरीत अर्धा शब्द बुडाला तरी उरलेल्या अर्ध्यावरून कान अक्षर ओळखतो.

आवाजाचे आकडे झाले आणि कानाची ही नोकरी गेली. डिजिटल संचात आवाज जसाच्या तसा जात नाही, त्याचं वर्णन जातं. सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत सूर किती उंच, जोर किती, घशातून नाद येतोय की नुसती हवा, एवढं बिटांत लिहून पाठवायचं आणि पलीकडच्या संचाने त्यावरून आवाज नव्याने घडवायचा. सुराचा एखादा बिट उलटला की धिप्पाड गृहस्थ क्षणभर चिरकतो. नाद-हवेचा उलटला की ‘स’ गुणगुणायला लागतो. चुका फार वाढल्या की नुसते यंत्रमानवी चीत्कार ऐकू येतात. हॅम त्याला ‘आर-टू-डी-टू’ म्हणतात, ‘स्टार वॉर्स’मधल्या त्या बुटक्या यंत्रावरून.

मजकूर पाठवताना यावर सोपा तोडगा होता. पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने जहाजांच्या टेलेक्सची पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी हौशी रेडिओत आणली, ती अ‍ॅम्टॉर. तीन अक्षरं पाठवायची, थांबायचं, पलीकडून ‘मिळाली’ आलं तर पुढे जायचं, नाहीतर तीच पुन्हा. बोलण्यात हे जमत नाही. समोरचा वाक्याच्या मध्यावर असताना ‘मागचे वीस मिलिसेकंद पुन्हा म्हणा’ असं कसं सांगणार? म्हणून चूक होण्याआधीच तिची दुरुस्ती बरोबर बांधून द्यावी लागते. शाळेत गणित सुटलं की आपण ताळा करून पाहायचो, तसे ताळ्याचे बिट. फरक एवढाच, की हा ताळा चूक झाल्याचं सांगून थांबत नाही, कुठे झाली तेही दाखवतो.

या घराण्याचा मूळपुरुष रिचर्ड हॅमिंग. १९४७च्या सुमारास तो बेल प्रयोगशाळेतल्या रिले-गणकयंत्रावर शनिवार-रविवारी आपली गणितं लावून ठेवायचा. सुट्टीत चालक नसत. यंत्राला स्वतःची चूक कळायची, पण सुधारता यायची नाही. ते हातातलं गणित टाकून पुढचं घ्यायचं. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंगला टाकलेलं काम मिळालं आणि तो वैतागला: यंत्राला चूक झालीय हे कळतं, तर कुठे झालीय हे का कळू नये? त्या वैतागातून आलेला लेख १९५०मध्ये छापून आला. चार बिटांना तीन ताळे, प्रत्येक ताळा चारांपैकी वेगवेगळ्या तिघांवर नजर ठेवणारा. कोणकोणते ताळे चुकले यावरून गुन्हेगार बिट सापडतो. सापडला की काम झालंच, कारण शून्य नसेल तर एकच असणार.

लेख छापून येण्याआधीच, १९४९मध्ये, मार्सेल गोले या स्विस वंशाच्या अभियंत्याने जेमतेम पानभर टिपण प्रसिद्ध केलं होतं. बारा बिटांना अकरा ताळ्याचे, आणि तेवीसपैकी कुठलेही तीन बिघडले तरी दुरुस्ती पक्की. या ताळ्याचा आणखी एक बिट जोडलेला भाऊ पुढे व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत चित्रं पाठवताना वापरला.

हाच गोले हॅमच्या घरी आला तो जपानमार्गे. जपानच्या हौशी रेडिओ संघाने गेल्या शतकाच्या अखेरीस डी-स्टार ही पद्धत रचली. तीत आवाजाला सेकंदाला ३६०० बिट मिळतात. त्यातले २४०० आवाजाचे, १२०० ताळ्याचे. म्हणजे दर तीन बिटांमागे एक नुसता पहाऱ्यावर. मात्र आवाजाचं वर्णन करणारी चिप एका कंपनीच्या मालकीची, आत काय चाललंय ते बंद कुलपात. संच उघडून डाग द्यायची खोड ज्यांच्या रक्तात, त्यांना हे खुपणारच.

अमेरिकी हॅम ब्रूस पेरेन्सने हा मुद्दा लावून धरला, आणि ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडिलेडच्या डेव्हिड रोव यांनी २००९पासून त्या चिपचं काम करणारा ‘कोडेक-टू’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला: खुला, फुकट, कोणीही उघडून पाहावा असा. त्यावर उभ्या राहिलेल्या फ्रीडीव्ही या डिजिटल बोलण्याच्या पद्धतीला शॉर्टवेव्हवर जायचं होतं, आणि तिथे जागा बेताची. सेकंदाला १६०० बिटांच्या त्यांच्या पद्धतीत आवाजाच्या एका तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, ६४ बिट. त्यात आवाजाचे ५२. सगळ्यांना ताळा पुरवायचा तर परवडत नाही. मग ज्यांच्या बिघडण्याने कान खरोखर किटतात असे नाद, सूर आणि जोराचे फक्त १२ बिट निवडले, गोलेचे अकरा पहारेकरी त्यांच्याभोवती उभे केले आणि उरलेले चाळीस देवाच्या भरवशावर सोडले. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते. गणित तर साठ वर्षांपूर्वीचं होतं. कोणाला वाऱ्यावर सोडायचं हे ठरवायला मात्र कान लागतो.

पण शॉर्टवेव्हवर हेही पुरेना. तिथे आवाज लाटेसारखा येतो-जातो, हॅमच्या भाषेत ‘क्यूएसबी’. चुका एकेकट्या न पडता घोळक्याने पडतात. रोव यांनी मग उलटा विचार केला. आवाजच सेकंदाला ७०० बिटांवर आणायचा, अगदी कोंड्याचा मांडा, आणि वाचलेली जागा संरक्षणाला द्यायची. २०१७च्या ‘७००-सी’ या पद्धतीत ही जागा त्यांनी पोटफोड्या ष-च्या मार्गाने खर्च केली: प्रत्येक बिट दोन वेगळ्या वाहक लहरींवर, सरळ दोनदा. पुढच्या वर्षीच्या ‘७००-डी’ने तेवढीच जागा घेतली, पण पुनरुक्तीऐवजी ताळ्यासाठी. १६० मिलिसेकंदांचे ११२ बिट, त्यांना ११२ ताळ्याचे, म्हणजे आता एकही बिट उघड्यावर नाही. गोंगाटाची ताकद संदेशापेक्षा जास्त असतानाही बोलणं कळू लागलं. दोनदा सांगण्यापेक्षा एकदा सांगून नीट ताळा देणं किती सरस, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा. अगदी जलद चढउतारात ही पद्धत अडखळायची, म्हणून नंतर ८० मिलिसेकंदांची ‘७००-ई’ आली.

‘७००-डी’चा ताळा गोलेचा नव्हे, रॉबर्ट गॅलेगरचा, नाव एलडीपीसी. एमआयटीमधला त्याचा प्रबंध १९६०चा. त्या काळच्या गणकयंत्रांना ते ओझं झेपणारं नव्हतं, म्हणून पस्तीसेक वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला आणि १९९०च्या दशकात इतरांना पुन्हा नव्याने सापडला. आज साध्या लॅपटॉपवर तो चालतो.

ताळ्यांच्या या वंशाच्या दुसऱ्याही शाखा आहेत. पोलंडमधली खुली ‘एम-१७’ पद्धत त्यातलीच. वॉर्सातल्या एका रेडिओ क्लबच्या पत्त्यावरून, मोकोतोव्स्का रस्ता, १७, तिला नाव मिळालं. तिथे फ्रेमागणिक तुकड्यातुकड्याने जाणारं कॉलसाइन आजही गोलेच सांभाळतो.

आणि २०२४मध्ये रोव यांनीच ताळे काढून टाकले. ‘रेड’ या त्यांच्या नव्या पद्धतीत न्यूरल नेटवर्कला खरखर आणि चढउतार दाखवून शिकवलं जातं, आणि आवाज कसा पाठवला तर कमी बिघडेल हे ते स्वतःच ठरवतं. बिटही नाहीत, ताळाही नाही, आणि आवाज माणसाचा वाटतो. बोलणं संपल्यावर शेवटी कॉलसाइनची एक छोटी चिठ्ठी जाते. तिला मात्र गॅलेगरचाच ताळा आहे.